वाचलेला कर गेला कुठे?

फेब्रुवारी लागला की आमच्या शिक्षक खोलीत दोनच विषय असतात. एक दहावीची तोंडी परीक्षा, आणि दुसरा आयकराचा फॉर्म. दरवर्षी या फॉर्मवरून शाळेत लहानसा आकांत होतो. कोणाची एलआयसीची पावती सापडत नाही, कोणाला घरकर्जाचं प्रमाणपत्र बँकेकडून मिळालेलं नसतं. यंदा मात्र सगळं शांत होतं. बाबूंनी माझा कागद पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, तुमचा कर यावर्षी शून्य." माझ्यासारखे आणखी पाच-सहा जण शून्यात निघाले. कुणीतरी चहा मागवला.

चहा मीही प्यायले. पण घरी परतताना डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. मागच्या वर्षी माझा कर कापला गेला होता. यावर्षी कापला नाही. म्हणजे तेवढा पैसा माझ्याकडे जास्त असायला हवा. मग तो आहे कुठे?

हिशेब सोपा आहे. सोयीसाठी वर्षाचा पगार १० लाख धरा. २०२४-२५ मध्ये नवीन करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन ९ लाख २५ हजार उरत. त्यावर उपकरासह ४४ हजार २०० रुपये कर बसे. २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, पगारदाराला वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत. म्हणजे पूर्ण ४४ हजार २०० वाचले, महिन्याला ३ हजार ६८३ रुपये. एका शिक्षिकेच्या घरात ही रक्कम लहान नाही.

मी रात्री वही घेऊन बसले. मुलीचा मोबाईल, त्याचे हप्ते. ईदला दोन जास्तीचे ड्रेस. गॅस-किराण्यात थोडं. एका लग्नात द्यायच्या पाकिटाची रक्कम वाढवली होती, ते थोडं. वाईट काहीच नव्हतं. पण दवाखान्यासाठी बाजूला काढलेला एक रुपयाही त्या वहीत दिसत नव्हता. आणि नेमकं हेच वर्ष होतं, ज्या वर्षी अम्मी मोरीत घसरून पडली.

नोव्हेंबरची गोष्ट. फरशी ओली होती. वय ७२. आधी घाटंजीच्या ग्रामीण रुग्णालयात नेलं, तिथे एक्स-रे झाला. खुब्याचं हाड मोडलं होतं. यवतमाळला न्या म्हणाले. रात्रीची वेळ, अम्मी कण्हतेय, आणि सोबत चार नातेवाईक, प्रत्येकाच्या ओळखीचा वेगळा डॉक्टर. शेवटी एका खासगी दवाखान्यात भरती केलं. ऑपरेशन चांगलं झालं, अल्हम्दुलिल्लाह. डॉक्टरांबद्दल माझी काही तक्रार नाही. बिल झालं १ लाख ६५ हजार.

घरात होते २२ हजार. भावाने ४० दिले. शाळेतल्या एका मैत्रिणीने २५ हजार कर्ज-ए-हसना म्हणून हातावर ठेवले, कधी देणार तेही विचारलं नाही. उरलेल्या ७८ हजारांसाठी माझ्या बांगड्या गहाण पडल्या. त्याचं व्याज मी अजून भरते आहे.

आता यातल्या माझ्या चुका ऐका. पहिली, ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत ५ लाखांपर्यंत मोफत उपचार मिळतात. ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे. 'आयुष्मान वय वंदना' नावाचं कार्ड काढावं लागतं. अम्मीचं कार्ड काढलेलं नव्हतं. आधारला जुना मोबाईल नंबर होता, तो बदलायचा होता, आणि ते काम मी वर्षभर 'पुढच्या रविवारी' करत होते. दुसरी, महात्मा फुले जन आरोग्य योजना आता केवळ पिवळ्या-केशरी रेशनकार्डापुरती राहिलेली नाही, पांढऱ्या कार्डवाल्यांनाही ती लागू आहे, आणि मर्यादा दीड लाखावरून ५ लाख झाली आहे. पण दोन्ही योजना यादीतल्या दवाखान्यातच चालतात. आम्ही गेलो तो दवाखाना यादीत नव्हता. रात्री अकरा वाजता यादी कोण बघतं? यादी आधी बघायची असते. तिसरी, माझ्या सेवापुस्तकात अवलंबित म्हणून सासू-सासऱ्यांची नोंद आहे, अम्मीची नाही. त्यामुळे वैद्यकीय प्रतिपूर्तीचा रस्ताही बंद. अर्थात प्रतिपूर्ती म्हणजे आधी खिशातून भरा, मग कागद फिरतील. माझ्या स्वतःच्या एका ऑपरेशनचं बिल मंजूर होऊन हातात यायला १४ महिने लागले होते. दवाखान्याच्या काउंटरवर 'बिल मंजूर होणार आहे' असं सांगून चालत नाही.

हे सगळं मी माझ्या भाच्याला फोनवर सांगत होते. तो अमेरिकेत टेक्सासला असतो, कॉम्प्युटरच्या कंपनीत. तो म्हणाला, "खाला, आमच्याकडे पगारातून कर कापण्याच्या आधीच काही पैसे एका वेगळ्या खात्यात जातात. ते फक्त दवाखान्यासाठी. त्याचं कार्डच वेगळं आहे." मी त्याला खोदून खोदून विचारलं. मग स्वतःही वाचून काढलं.

त्या खात्याला तिथे हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट म्हणतात. डिसेंबर २००३ मध्ये तिथे कायदा झाला आणि २००४ पासून ही खाती सुरू झाली. २०२५ साली एकट्या माणसाला ४ हजार ३०० डॉलर आणि कुटुंबाला ८ हजार ५५० डॉलरपर्यंत यात टाकता येत होते. टाकलेल्या पैशावर आयकर नाही, तो वाढला तर वाढीवर नाही, आणि औषधपाणी, चष्मा, दात, तपासण्या यांवर काढला तर काढण्यावरही नाही. वर्ष संपलं तरी शिल्लक बुडत नाही, नोकरी बदलली तरी खातं आपलंच. पण ६५ वर्षांच्या आधी दुसऱ्या कशासाठी पैसा काढलात, तर कर भरा आणि वर २० टक्के दंड. त्यांच्याकडे आणखी एक खातं असतं, त्यातली बहुतेक रक्कम वर्षाच्या आत वापरावी लागते, नाहीतर जाते. भाचा म्हणाला, म्हणून डिसेंबरमध्ये ऑफिसातले लोक गरज नसताना नवे चष्मे करून घेतात.

ऐकायला गोड वाटतं, पण लगेच भुलून जाऊ नका. हे खातं सगळ्यांना मिळत नाही. ज्याचा विमा असा आहे की सुरुवातीचा मोठा खर्च त्याने स्वतःच करायचा, त्यालाच ते उघडता येतं. २०२५ साठी हा स्वतःचा वाटा एकट्याला किमान १ हजार ६५० डॉलर आणि कुटुंबाला ३ हजार ३०० डॉलर होता. म्हणजे विम्याने ठेवलेला खड्डा बुजवायला हे खातं आहे. शिवाय ज्याचा कराचा दर मोठा, त्याची बचत मोठी. ज्याच्या हातात महिनाअखेर काही उरतच नाही, तो खात्यात टाकणार काय? तिथेही यावर बरीच टीका होते, आणि ती मला पटते.

तरी त्या व्यवस्थेतली एक गोष्ट मनात बसली. पैसा हातात येण्याच्या आधीच तो दवाखान्याचा झालेला असतो. नंतर तो मोबाईलचा किंवा लग्नाच्या पाकिटाचा होऊ शकत नाही. सिंगापूरने हेच १९८४ मध्ये सक्तीने केलं. तिथे पगाराचा ठरावीक हिस्सा मेडिसेव्ह नावाच्या खात्यात जातोच, तुम्हाला आवडो न आवडो.

आपल्याकडे असं काही नव्हतं असं नाही. खासगी नोकरीत वर्षाला १५ हजारांपर्यंतची वैद्यकीय बिलं कंपनी देई आणि तेवढ्यावर कर लागत नसे. मार्च आला की औषधाच्या दुकानांत कोऱ्या पावत्या मागणारे फिरत, हेही सगळ्यांना माहीत आहे. २०१८ च्या अर्थसंकल्पात ती सूट आणि प्रवासभत्त्याची सूट काढून त्याजागी सरसकट ४० हजारांची प्रमाणित वजावट आली. पुढे ती ५० हजार झाली, आणि नवीन प्रणालीत आता ७५ हजार आहे. पावती दाखवायची गरज उरली नाही. पण त्याचबरोबर तो पैसा दवाखान्यासाठी आहे ही आठवणही उरली नाही.

जुन्या करप्रणालीत ८०डी आहे. आरोग्य विम्याच्या हप्त्यावर स्वतःच्या कुटुंबासाठी २५ हजार, आणि ज्येष्ठ आईवडिलांसाठी वेगळे ५० हजारांपर्यंत सूट मिळते. त्यातली एक गोष्ट आमच्या शिक्षकांतही फार कमी जणांना माहीत आहे. आईवडील साठीच्या पुढचे असतील आणि त्यांच्या नावे कुठलाही आरोग्य विमा नसेल, तर त्यांच्या औषधपाण्याचा खर्चही या ५० हजारांत धरता येतो. अट एक, पैसे रोखीने दिलेले नसावेत. आम्ही अम्मीचं बिल दिलं तेव्हा ओढणीच्या टोकाला बांधलेल्या नोटा मोजून दिल्या. म्हणजे मी जुन्या प्रणालीत असते तरी तो रुपया धरता आला नसता. ज्यांचं उत्पन्न मोठं आहे आणि घरकर्ज वगैरेमुळे जे अजून जुन्या प्रणालीत आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवावं. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी नवा आयकर कायदा लागू होतो, त्यात कलमांचे आकडे बदलले आहेत. फॉर्म भरताना तेवढं बघून घ्या.

नवीन प्रणालीत मात्र ८०डी नाही. २०२३-२४ पासून तुम्ही वेगळं काही सांगितलं नाही, तर हीच प्रणाली लागते. सरकारने एका हाताने सवलती काढल्या आणि दुसऱ्या हाताने दर खाली आणले, शेवटी करच माफ केला. आमच्यासारख्यांचा त्यात फायदाच झाला, हे मी नाकारत नाही. पण आधी सवलत बांधलेली होती. विमा घ्या, तपासणी करा, आईबापाच्या औषधाच्या पावत्या जपा, मग कर वाचेल. त्या निमित्ताने का होईना, वर्षातून एकदा घरात आजारपणाचा हिशेब होई. आता पैसा मोकळा आला. मोकळ्या पैशाला पाय असतात.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. सरकारने सोडलेली गाठ आपण पुन्हा बांधली पाहिजे. ज्याचा जितका कर यावर्षी वाचला, त्याने तितका पैसा दवाखान्याच्या नावाने वेगळा काढावा. तो पैसा तसाही गेल्या वर्षी आपल्या हातात नव्हता. त्याच्याशिवाय आपलं घर चाललं होतं.

इथे आपल्या समाजातला एक नाजूक प्रश्न येतो, त्याला टाळून पुढे जाणं खोटेपणाचं होईल. आपल्यातली कितीतरी घरं आरोग्य विमा घेत नाहीत. कारण पैशाचं नाही, दीनचं आहे. विम्यात अनिश्चितता आहे, त्यात व्याजाचा व्यवहार मिसळतो, जुगाराचा वास येतो, असं अनेक उलेमा सांगतात. १९८५ साली जेद्दाहच्या इस्लामी फिक्ह अकादमीने व्यापारी विमा नाजायज ठरवला आणि त्याला पर्याय म्हणून एकमेकांना आधार देणारा सहकारी विमा, म्हणजे तकाफुलचा रस्ता, योग्य मानला. उलेमांमध्ये यावर मतभेद आहेत आणि आपल्या देशातल्या परिस्थितीचा विचार करून वेगळं मत देणारेही आहेत. मी उर्दू-मराठी शिकवणारी बाई, मुफ्ती नाही. फतवा देणं माझं काम नाही.

पण माझ्याच घरात काय झालं ते मला सांगता येतं. आमच्या घरी विमा घेतला नाही, कारण त्यात व्याज मिसळलेलं असतं. आणि अम्मी पडली तेव्हा बांगड्या गहाण ठेवून आम्ही सरळ सरळ व्याज भरू लागलो. ज्या दारातून आत जायचं नाही म्हणून आम्ही लांबून वळसा घेतला, त्याच दाराशी रात्री बारा वाजता अनवाणी जाऊन उभे राहिलो. याला परहेजगारी कसं म्हणू? ही तर बेफिकिरी होती, आम्ही तिला चांगलं नाव दिलं होतं. उंट आधी बांधण्याची ती हदीस आपल्या मुलांना पाठ असते. आपण मात्र उंट मोकळा सोडून तवक्कुलच्या गोष्टी करतो.

ज्यांचं मन विम्याला तयार आहे त्यांनी तो जरूर घ्यावा. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला आहे. ज्यांचं मन तयार नाही, त्यांच्यासाठी तर वेगळं काढलेलं खातं हा सरळ मार्ग आहे. आपला पैसा, आपलं खातं, आपलं आजारपण. यात कोणाशी पैज नाही, कोणाचा हप्ता बुडत नाही. बँकेने त्यावर व्याज दिलं तर सवाबची अपेक्षा न ठेवता ते देऊन टाकण्याची रीत आपल्याकडे आहेच. जकातीचा हिशेब करताना ही रक्कमही धरावी लागेल. रमजान तोंडावर आला आहे, म्हणून हेही सांगून ठेवते. आणि सरकारी योजनांच्या कार्डासाठी तर आपल्याला हप्ता भरायचाच नाही, तिथे ही अडचणही येत नाही. मग कार्ड न काढायला आपल्याकडे सबब उरते कोणती?

मी हे आमच्या शेजारच्या चाचांना सांगत होते. त्यांची चार एकर जमीन, त्यात कापूस. ते हसले. "बेटी, तुम्हा मास्तर लोकांचा कर वाचतो. आमचा कर कधी होता, तो वाचायला? आणि पगार एक तारखेला आमच्या खात्यात पडत नाही." आमचाही एक तारखेला पडत नाही, ते असो. पण त्यांचं बोलणं खरं होतं. कराची कोणतीही सवलत ज्याला कर आहे त्याच्याच कामाची. घाटंजी तालुक्यात कर भरणारे किती आणि कापूस वेचणारे किती, हे बाजारात उभं राहिलं तरी दिसतं.

चाचांना मी सेवाग्रामची गोष्ट सांगितली. आपल्या शेजारच्याच वर्धा जिल्ह्यातली. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने, म्हणजे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने, १९८० च्या दशकात आसपासच्या गावांसाठी एक योजना चालवली. लोकांनी रुग्णालयाचा हप्ता पैशात द्यायचा नाही, ज्वारीत द्यायचा. हंगाम निघाला, घरात धान्य आलं, की तेव्हाच वाटा काढायचा. ज्याची जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त, भूमिहीनाची थोडीच. गावातली बहुतेक घरं सामील झाली तरच गाव योजनेत घेतलं जाई, म्हणजे फक्त आजारी माणसंच नाव नोंदवतील असं होत नसे. त्या बदल्यात अचानक आलेल्या आजारात भरती झाल्यावर उपचार मोफत, आणि बाळंतपण, मोतीबिंदू असे आधीपासून माहीत असलेले खर्च असतील तर पेशंटने थोडा वाटा उचलायचा.

अमेरिकेचा कायदा २००३ चा. आपल्या विदर्भातल्या गावकऱ्यांना त्याच्या वीस वर्षं आधी हे कळलेलं होतं की दवाखान्याचा वाटा पोतं घरात येतं तेव्हाच काढायचा, ते रिकामं झाल्यावर नाही. आणि त्यांनी ते एकट्याने नाही, गावाने मिळून केलं. मला विचाराल तर ज्याला तकाफुल म्हणतात त्याच्याशी याचं जवळचं नातं आहे. तकाफुलचा शब्दही न ऐकता लोकांनी ते ज्वारीच्या मापाने केलं.

चाचा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "कापसाचा पहिला चुकारा आला की काढता येईल. दुसऱ्यापर्यंत काही उरत नाही." मला याहून चांगली व्याख्या सापडली नाही.

आता सरकारकडे मागायचं ते. नवीन करप्रणालीतही दवाखान्यासाठी वेगळ्या काढलेल्या पैशाला मर्यादित सूट असावी. आपल्याकडे भरती होण्याचा खर्च योजनांतून काही प्रमाणात निघतो, पण रोजची बीपी-शुगरची गोळी, सोनोग्राफी, चष्मा, दात, यवतमाळ-नागपूरच्या फेऱ्या हे कोणत्याच कार्डात बसत नाही. केंद्र सरकारच्याच आकडेवारीनुसार देशातल्या एकूण आरोग्य खर्चात लोकांनी थेट खिशातून केलेला खर्च २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. घट मोठी आहे, तिचं श्रेय द्यायलाच हवं. तरी शंभरातले जवळपास चाळीस रुपये अजून आपल्याच खिशातून जातात. आणि ज्यांना कर नाही, त्यांच्या खात्यात सरकारने स्वतः भर घालावी. अटल पेन्शन योजनेत सुरुवातीला सामील झालेल्या पात्र लोकांच्या हप्त्यात सरकारने पाच वर्षं आपला वाटा टाकला होता. म्हातारपणासाठी जे करता येतं ते आजारपणासाठी का नाही? फक्त करदात्यांना सूट देऊन थांबलात, तर आम्ही शिक्षक तेवढे सुखी होऊ आणि चाचा तिथेच राहतील. तशी सवलत मला नको.

सरकार ऐकेल तेव्हा ऐकेल. तोवर मी काय केलं ते सांगते, कारण नुसता उपदेश आमच्या मुलांनाही आवडत नाही.

जानेवारीत मी एक वेगळं बचत खातं उघडलं. पगार ज्या दिवशी होईल त्याच दिवशी ३ हजार ७०० रुपये तिकडे जातात. त्याचं एटीएम कार्ड माझ्या पर्समध्ये नसतं, अम्मीच्या औषधाच्या डब्यात असतं. या खात्यातून काय काढायचं तेही वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे. डॉक्टरची फी, औषध, तपासण्या, चष्मा, दात, आणि दवाखान्याला जाण्या-येण्याचं भाडं. लग्न नाही, ईद नाही, मोबाईल नाही. मिस्टर म्हणाले, "कायदा तर अमेरिकेपेक्षा कडक केलास." मी म्हटलं, दंडही ठेवला आहे. दुसऱ्या कशासाठी काढलेत तर पुढच्या महिन्यात दुप्पट भरायचे.

दुसरं, आमच्या मोहल्ल्यात बायकांची भिशी आहे, जशी सगळीकडे असते. दर महिन्याला एकीचं नाव निघतं आणि तिच्या घरी फ्रिज येतो. आम्ही अकरा जणींनी त्याच्या शेजारी दुसरी भिशी लावली, महिन्याला ५०० रुपयांची. यात चिठ्ठी निघत नाही. जिच्या घरी आजारपण येईल तिला यातून कर्ज-ए-हसना, व्याज नाही, जमेल तसे हप्ते. पैसे दोघींच्या सहीच्या खात्यात, हिशेब दर महिन्याला मोठ्याने वाचायचा. आधी तेरा जणी होत्या. दोघींनी विचारलं, "आणि आमच्या घरी कोणी आजारी पडलंच नाही तर आमचा नंबर कधी?" त्यांना मी दोष देत नाही, भिशीची सवय तशीच आहे. दोन महिन्यांत ११ हजार जमले. त्यातले चार हजार एकीच्या मुलाच्या मुतखड्याला गेले. सोनोग्राफी त्याच दिवशी झाली, पैसे जमेपर्यंत थांबावं लागलं नाही. पहिला हप्ता तिने परत केला, तो सगळ्यांसमोर.

तिसरं काम फुकटचं होतं आणि तेच वर्षभर राहिलं होतं. अम्मीचा आधारचा नंबर बदलला आणि वय वंदना कार्ड काढलं. त्यासाठी दोन फेऱ्या आणि एक अर्धी रजा लागली. जवळचे यादीतले दवाखाने कोणते ते एका कागदावर लिहून दाराच्या मागे चिकटवलं आहे. पुढच्या जुम्याला मशिदीतून तेवढं सांगा, अशी विनंतीही केली आहे. ज्यांच्या घरी सत्तरीच्या पुढचं माणूस आहे, त्यांनी त्याचं आधार कार्ड आजच काढून बघावं, त्याला कोणाचा मोबाईल नंबर जोडला आहे तेवढं तरी.

परवा अम्मीला तपासणीला यवतमाळला नेलं. एसटीचं भाडं, डॉक्टरची फी, एक्स-रे, गोळ्या, सगळे मिळून १ हजार ७४० रुपये लागले. परत येताना बसमध्ये तिने विचारलं, "कुणाकडून घेतलेस?"

"कुणाकडून नाही अम्मी," मी म्हटलं. "तुझ्याच डब्यातले आहेत."